चढ वगळून

समजा, तुम्हाला एका अनोळखी माणसाच्या शेजारी गाडीत बसायचं आहे. स्टिअरिंग त्याच्या हातात, ब्रेक त्याच्या पायाखाली, आणि त्याने शेवटची गाडी कधी चालवली हे तो नीट सांगत नाहीये. "लायसन्स आहे हो," एवढंच म्हणतोय. गाडी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. तुम्ही बेल्ट लावायचा, हात मांडीवर ठेवायचे आणि घरच्या सोफ्यावर बसल्यासारखा चेहरा करायचा. तो समोरच्या ट्रकच्या पार बुडाशी जाऊन ब्रेक दाबेल तेव्हा तुमचाही पाय आपोआप पुढे जाईल. तिथे पेडल नसतं. पाय गुपचूप मागे घ्यायचा आणि म्हणायचं, "बघितलंत ना सर, ब्रेक कसे लागतात ते?"

हे काम करणाऱ्याला शोरूममध्ये सगळे 'शेजारी' म्हणत. टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाइकाच्या बाजूला बसायचं, एवढीच त्याची नोकरी. आधी तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. तिथल्या गाडीला त्याच्याही पायापाशी ब्रेक होता, त्यामुळे जीव भांड्यात असायचा. स्कूल बंद पडलं आणि तो इथे आला, ब्रेक नसलेल्या बाजूला. पायाला मात्र हे अजून कोणी कळवलेलं नव्हतं.

गिऱ्हाइकं दोन जातींची. एक खरी, आणि दुसरी 'बॅगवाली'. टेस्ट ड्राइव्ह घेणाऱ्याला शोरूमचं नाव छापलेली प्रवासी बॅग फुकट मिळायची, आणि तिच्यासाठी येणाऱ्यांची कमी नव्हती. एक गृहस्थ टोपी घालून आले, आठवड्याने टोपी काढून आले, पुढच्या आठवड्यात थेट सासऱ्यांनाच पुढे करून आपण मागे बसले. शेजाऱ्याने ओळखलं, तरी फेरी मारून आणली. उतरताना त्यांनीच विचारलं, "याच्यात निळा रंग नाही का हो?"

"गाडीत आहे ना, सर."

"गाडीत नाही हो, बॅगेत."

फेरीचा रस्ता ठरलेला होता. गेटमधून बाहेर पडून सपाट, नवा, रुंद रस्ता. मग पेट्रोल पंपाला वळसा. मग झाडांच्या सावलीतून परत. उड्डाणपूल जवळच होता, पण तिकडे जायचं नाही. मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चढ लागला की गिऱ्हाइकाला प्रश्न सुचतात. आपल्याला प्रश्न नकोत, सही हवी." प्रत्येक टेस्ट गाडीत एक यंत्र बसवलेलं होतं आणि गाडी कुठे आहे ते साहेबांच्या संगणकावर ठिपक्यासारखं दिसायचं. ठिपका रस्त्याबाहेर गेला की साहेब केबिनबाहेर.

यात गोम होती ती ऑटोमॅटिक गाडीची. तिला क्लचचं पेडल नाही, पण क्लच आहे. तो पायाने दाबायच्या ऐवजी एक मोटर दाबते. सपाट रस्त्यावर हे उत्तम चालतं. चढावर थांबलात, ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेलात, की त्या मोटरला जागं व्हायला एक क्षण लागतो, आणि तेवढ्या क्षणात गाडी मागे घरंगळते. महागाच्या मॉडेलमध्ये त्या क्षणापुरता ब्रेक धरून ठेवायची सोय आहे. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये नाही. आणि ज्या मॉडेलवर या महिन्यात वॉशिंग मशीन फुकट होतं, ते स्वस्तातलं होतं. गोदामात साचलेला माल उठवायलाच तर स्कीम काढली होती.

नेमकी हीच गाडी दाजींनी पसंत केली.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर टेकडीवर, शेवटच्या वळणाच्याही वर. बस पायथ्याशीच थांबते. ताईचा डावा घोटा पायऱ्यांवरून पडून मोडला होता. आत स्टीलची पट्टी बसवली, पण त्या पायाने पूर्वीसारखा क्लच दाबता येत नाही. लायसन्स तिच्याकडे होतं, भावानेच शिकवून काढून दिलेलं. साधी गाडी आता तिच्या पायाला जमणारी नव्हती, ऑटोमॅटिक जमली असती. किती तरी दिवस ती दाजींच्या मागे लागली होती आणि दाजी दाद देत नव्हते. "तुला जायचंय तरी कुठे?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि मग एका सकाळी त्यांनी जाहिरातीत वॉशिंग मशीन पाहिलं.

"मेहुणे," फोनवर त्यांचा आवाज नुसता फुलला होता, "मशीन समोरून उघडणारं आहे की वरून?"

"समोरून, दाजी. पण गाडीबद्दल जरा बोलायचं होतं. चढाला ती जरा..."

"चढाला माणूससुद्धा दमतो हो. मशीन आहे, बॅग आहे, वर सीट कव्हर आहेत. हे बघा, तुम्हाला आमचं चांगलं झालेलं बघवत नसेल तर तसं सांगा."

"तसं नाही, दाजी."

"मग रविवारी येतो. स्कीम रविवारपर्यंतच आहे ना?"

साहेबांकडे जाऊन त्याने विचारून पाहिलं. वरच्या मॉडेलवर मशीन देता येईल का? घरचं माणूस आहे म्हणून?

"घरचं माणूस आहे म्हणून तर खालचं मॉडेल खपव," साहेब म्हणाले. "घरचे तक्रार करत नाहीत."

आता ताईला सांगायचं की नाही? सांगितलं तर ती दाजींना सांगणार, दाजी म्हणणार, बरं झालं, नकोच गाडी. नाही सांगितलं तर एक दिवस ती एकटी त्या शेवटच्या वळणावर थांबेल, मागे एखादी मोटरसायकल असेल, आणि गाडी घरंगळेल. तीन रात्री त्याला धड झोप लागली नाही. शेवटी त्याने जुन्या सवयीने मार्ग काढला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तो विद्यार्थ्याला चढाबद्दल आधी कधीच सांगत नसे. सांगितलं की माणूस घाबरून बसतो. काही न बोलता न्यायचं, थांबवायचं, मागे सरकू द्यायचं आणि मग शिकवायचं. सगळे असंच शिकले होते. ताईसुद्धा.

रविवारी ताई ठेवणीतली साडी नेसून आली. दाजी मागे बसले, मांडीवर बॅग. ती त्यांनी फेरीच्या आधीच मागून घेतली होती.

"अहो, बेल्ट," ताई आरशात बघत म्हणाली.

"मागे कोण लावतं?"

"माझ्या गाडीत लावतात."

दाजी हसले आणि त्यांनी बेल्ट लावला. शेजाऱ्याने बहिणीकडे पाहिलं. 'माझ्या गाडीत' हे शब्द तिने इतक्या सहज उच्चारले की कित्येक दिवस मनात घोळवत असणार. डावा पाय तिने बाजूला नुसता टेकवून ठेवला होता, त्याला काही काम नव्हतं. सपाट रस्त्यावर ती सुरुवातीला जपून चालली, मग वेग धरला. पेट्रोल पंपाचा वळसा तिने असा घेतला की दाजी म्हणाले, "अगं, सावकाश," आणि त्यांच्या आवाजात थोडी कौतुकाची झाक होती.

"बारक्या," ती भावाला म्हणाली, "पायाला काहीच करावं लागत नाही रे! नुसतं ठरवायचं आणि जायचं."

सावलीचा रस्ता आला. तिथून उजवीकडे वळलं की शोरूम.

"ताई, डावीकडे घे," तो म्हणाला.

"तिकडे तर आपलं घर."

"घरापर्यंत जाऊन येऊ."

"मेहुणे, रस्ता हाच ठरलाय का?" दाजींनी मागून विचारलं. त्याने ताईला पुढच्या वळणाकडे हात दाखवला. त्याच्या खिशात फोन थरथरायला लागला, साहेबांचाच असणार, पण त्याने तो घेतला नाही.

टेकडीचा रस्ता गाडीने आरामात धरला. चालत्या गाडीला चढ जड नव्हता. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. कठड्यावर बसलेल्या एका शेजारणीला ताईने हॉर्न देऊन हात केला. शेवटच्या वळणावर वरून पाण्याचा टँकर उतरत होता, त्याला जागा द्यायला तिने गाडी कडेला घेऊन थांबवली. मागे दुधाचा टेम्पो येऊन उभा राहिला, अगदी चिकटून.

टँकर गेला. ताईने ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी मागे सरकली. जास्त नाही, पण आत बसलेल्याला तेवढंही खूप वाटतं. टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. दाजी ओरडले. आणि शेजाऱ्याचा पाय नसलेल्या पेडलवर आपटला, उजव्या हाताने हँडब्रेक खसकन ओढला.

गाडी जागच्या जागी थांबली. थोडा उशीर केला असता तर टेम्पोला लागली असती.

मग त्याच्या लक्षात आलं की ताईचा हात त्याच्या हातावर आहे. बर्फासारखा गार, घट्ट आवळलेला.

"काही नाही, ताई," तो घाईघाईने बोलायला लागला. "असं होतं. आता हँडब्रेक तसाच राहू दे, हळूच ॲक्सिलरेटर दे, गाडी पुढे ओढायला लागली की ब्रेक सोड. तुला शिकवलं होतं बघ..."

"उतर," दाजी म्हणाले.

"दाजी, एक मिनिट. तिला जमेल, फक्त एकदा..."

"तुम्ही गप्प बसा, मेहुणे. तुम्हाला हेच दाखवायचं होतं ना? दाखवलंत. झालं समाधान?" मग बायकोला, "अगं, उतर म्हणतो ना. सगळी वस्ती बघतेय."

ताईने स्टिअरिंगवरचा हात काढला. बेल्ट तिला सुटेना, भावाने सोडवला. ती उतरली आणि राहिलेला चढ कठड्याला धरून पायी चढायला लागली. दाजी पुढे आणि ती मागे. बॅग दाजींच्या खांद्याला होती.

पुढचं सगळं चटकन आटोपलं. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, संगणकावरची टेकडीवर चढलेली रेघ दाखवली आणि आवाजही न चढवता म्हणाले, "बुकिंग हातात होतं. तू ते उचलून डोंगरावर टाकून आलास." नोकरी गेली नाही. त्याला मागच्या आवारात टाकलं, जिथे न विकलेल्या गाड्या रांगेने उभ्या असतात. रोज सकाळी एकेक गाडी सुरू करायची, बॅटरी उतरू नये म्हणून थोडा वेळ तशीच ठेवायची आणि बंद करायची. गाड्या जागच्या हलत नाहीत. आता तो ड्रायव्हरच्या जागेवर बसतो.

ताईने चालवलेली गाडी त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाला तरी गेली, वॉशिंग मशीनसकट. त्यांचं घर सपाटीला आहे, असं त्याने मुद्दाम चौकशी करून काढलं.

स्कीम संपली. दुसरी येईल, पण दाजींनी विषयच बंद केला. आता ते चारचौघांत सांगतात, "हिला घेणारच होतो हो गाडी. हिलाच झेपली नाही." पूर्वी निदान 'तुला जायचंय तरी कुठे?' एवढंच म्हणायचे, आता त्यांना साक्षीदार मिळाले, अख्खी वस्ती आणि एक टेम्पोवाला.

परवा तो ताईकडे निघाला होता, तर ती वाटेतच भेटली. दुसऱ्या वळणाच्या कठड्यावर पाय लांब करून बसली होती, शेजारी पिशवी. खाली बसपर्यंत जाऊन आली होती.

"मला फोन करायचास ना," तो म्हणाला.

"तू काय, टेस्ट ड्राइव्ह देणार?" ती हसली. मग घोटा चोळत म्हणाली, "सुतक आल्यासारखं तोंड पाडून उभा राहू नकोस, बैस. कुणी मेलं नाहीये."

तो बसला. तिने मशीनचं काही काढलं नाही, दाजींचं काही काढलं नाही. नळाला पाणी कमी येतंय, वरच्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलंय, असलं बोलत राहिली. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मधेच ती थांबली आणि खालच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी खिडकी उघडायचं राहूनच गेलं बघ. एसीच्या नादात. वारा लागला असता."

त्या दिवसाबद्दलचा एक प्रश्न त्याला विचारायचा होता. त्याने विचारला नाही. कारण दोन्ही उत्तरं वाईट होती. आणि ताई खरं सांगणारी बाई. त्याला बरं वाटावं म्हणूनसुद्धा ती खोटं बोलली नसती.

पिशवी त्याने घेतली. ती कठड्याला धरून उठली आणि दोघं हळूहळू वर चालू लागले. शेवटचं वळण आलं तेव्हा त्याने नजर खाली ठेवली. तिचा डावा हात त्याच्या मनगटावर होता, आधाराला. त्या दिवशीही हाच हात होता. तो भीतीने भावाला धरायला आला होता, की त्याने शिकवलेलं आठवून हँडब्रेक ओढायला निघाला होता, आणि वाटेत त्याचाच हात आडवा आला?