किल्लीवालीनं शेवटी भरायचं

किल्लीचं ठरलं तवा ऊसतोडीच्या तळावर मी व्हते, माजी सून, तिची दोन वर्साची पोर, आमचा मुकादम, आन् दुसऱ्या दोन टोळ्यांतली एक कानडी बाई, एक खानदेशातली. बाकी तिन्ही टोळ्यांची मानसं फडात व्हती.

परवा टीव्हीवर सायबलोक बोलत व्हते, सगळ्या जगाचं एकच सरकार व्हईल का म्हनून. एक म्हनला, कुनी कुनाचं ऐकत न्हाई, व्हनार न्हाई. त्याला कुनी इचारलं का, किती जागी ऱ्हाऊन आलास?

आमी गेवराईकडून कर्नाटकात ऊस तोडायला गेलतो. तीन टोळ्यांत पान्याची टाकी एक, नळाला कुलूप. किल्ली जिच्या हाती, ती टोळी भरभरून घ्यायची, बाकीच्याला चिखल. रोज भांडनं. त्या दिशी आमच्या पोरीला जुलाब लागले, घरात घोट न्हाई. किल्ली खानदेशवालीकडं.

मुकादम म्हनला, "हिसकून आना."

"आज आपन हिसकू, उद्या त्या. कावून हिसकायचं?" मी म्हनलं.

"अर्धा कोयता तू, गप बस." नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. माजा मालक वारलेला, म्हनून मी अर्धी.

"अर्धा हाय, पन धार हाय त्याला," म्हनलं आन् निगाले.

कानडी आन् खानदेशवाली, दोघींना टाकीपाशी बसवलं. कानडी बाईसंग हातवाऱ्यानं बोलले. म्हनलं, किल्ली एकीकडंच ठिवू, पन जिच्याकडं किल्ली, तिच्या टोळीनं शेवटी भरायचं. आठवड्याला हात बदलायचा.

खानदेशवाली हसली. "मंग घे की म्हातारे, तूच पयली!" तिला वाटलं, घरात आजारी पोर, म्हातारी मागं सरंल.

मी किल्ली घेतली.

सून वरडली, "आत्याबाई, पोर सुकून चालली, आन् तुमाला न्याव सुचतुया?"

तिच्याकडं बगितलं असतं तर मी मोडले असते. न्हाई बगितलं. पयल्या दोन टोळ्या भरस्तवर नळापाशी उभी ऱ्हायले. तेवढ्यात कानडी बाईनं आपल्या घागरीतला तांब्या सुनेच्या हातात दिला. मी आडवलं न्हाई. आपल्या वाट्यातलं दुसऱ्याला देऊ नका, असं कुटं ठरलंतं?

त्यात मीठसाखर घालून पोरीला पाजलं. पोर उठली. सून मात्र लई दिस बोलली न्हाई माज्यासंग. न्हाई बोलली तर न्हाई. हंगाम सरस्तवर टाकीपाशी परत भांडन झालं न्हाई.

तर वाचनाऱ्यांनो, जगाचं सरकार करायला कवा बसलात, तर आमच्यातली एक बाई तिथं बसवा. गाडीभाड्याचं तिचं ती बगंल.