मालूकाकीचा वाळूतला केक

आमच्या घरात केकचा विषय निघायचा अवकाश, मालूकाकीचे किस्से सुरू होतात. एकाचं संपायच्या आत दुसरा ओरडतो, ‘थांब, ते गुऱ्हाळावरचं मी सांगतो!’ कोल्हापुरात बेकऱ्या काय कमी होत्या? पण नव्वद सालापासून पुढं कित्येक वर्षं आमच्या एकत्र कुटुंबातल्या एकाही वाढदिवसाला बाहेरचा केक आला नाही. काकीनं येऊच दिला नाही!

*

काकी म्हणजे माझी धाकटी चुलती, माहेर मुरगूडचं. तिनं आयुष्यातला पहिला केक खाल्ला तो कुणाच्या तरी घरी पाहुणी म्हणून. एक घास तोंडात ठेवून डोळे मिटून बसली. घरी येऊन म्हणाली, ‘मैदा हाय, लोणी हाय, सोड्यानं फुगलाय. जमतंय की!’

पुढच्याच आठवड्यात माझा वाढदिवस. घरात ओव्हन नव्हता. तिनं जुन्या पातेल्यात वाळू तापवली, त्यात केकचा डबा ठेवला, वर परात झाकली. शेजारच्या लिंगायत घरातल्या आजींना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. त्यांनी डोकावून विचारलं, ‘शेंगा भाजाय लागलीस व्हय गं?’

‘न्हाय अव्वा, पोरीचा वाढदिवस भाजाय लागलोय!’

परात उचलली आणि आम्ही सगळे पुढं वाकलो. डब्याच्या वर फुगून आलेला, तांबूस, घमघमता केक. आमच्याच स्वयंपाकघरात!

*

अव्वा सोवळ्याच्या. त्यांच्या हातात तुकडा देताच त्यांनी तो लांब धरला.

‘अंडं न्हाय न्हवं ह्यात?’

‘अव्वा, म्हशीच्या दह्यात केलाय. आमची म्हैस अजून अंडी घालत न्हाय!’

अव्वांनी तो तुकडा खाल्ला आणि दुसरा पदराखाली नेला.

*

काकांचा वाढदिवस नेमका गुऱ्हाळाच्या हंगामात यायचा. एका वर्षी त्यांना शेतावरून हलताच येईना. काकी डबा डोक्यावर घेऊन थेट गुऱ्हाळावर. गूळ रटरटत होता. तिनं चुलवाणातले निखारे बाजूला ओढले, डबा त्यात ठेवला, झाकणावरही निखारे रचले. साखरेऐवजी घातला होता आमचाच गूळ.

गूळ करणारा गुळव्या म्हणजे तोंडाचा फटकळ माणूस. त्याला कशाचंच कौतुक नाही. त्यानं एक घास घेतला. मग तिथंच खाली बसला. बराच वेळ चघळून म्हणाला,

‘ह्यो मी केलेला गूळ हाय?’

*

आबा, म्हणजे आमचे आजोबा, यांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. काकीनं सरळ त्यांनाच विचारलं, ‘आबा, तुमास्नी वाढदिवस कवाचा पायजे?’

आबा विचारात पडले. ‘उसाची लागण झाल्यावर. निवांत.’

काकीनं दिवस ठरवून टाकला! त्या दिवशी आबा फेटा बांधून पाटावर बसले. आम्ही मेणबत्ती लावली आणि म्हणालो, ‘फुंकर मारा.’

आबा भडकले. ‘आरं, लावल्याला दिवा कशापायी इझवायचा?’

तेव्हापासून आमच्याकडं केकपुढं निरांजन असतं. कुणी फुंकत नाही.

*

म्हातारपणी आबांना काही आठवेनासं झालं. आधी नातवंडांची नावं गेली, मग मुलांची. सगळं करायची काकी. जेवू घालायची, अंग पुसायची. तिला ते म्हणायचे, ‘पावणं, पाणी द्या.’

‘देतो की,’ म्हणायची आणि द्यायची. एकदाच ती मोरीत तोंड धुताना रडत असलेली मला दिसली.

त्यांच्या वाढदिवसाला तिनं केक लावलाच. ‘त्यास्नी कळंना का, आपल्याला कळतंय की,’ म्हणाली. केक भाजायला ठेवून ती बाहेरच्या सोप्यात आमच्याशी बोलत उभी होती. आबा पलंगावर, भिंतीकडं तोंड करून. कितीतरी दिवसांत त्यांनी कुणाकडं नीट बघितलं नव्हतं.

एकदम ते वळले. स्वयंपाकघराच्या दिशेनं नाक वर केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

‘मालू! गॅस बारीक कर की पोरी, खालनं करपाय लागलाय!’



केक खालून पार जळाला. काकी गॅसकडं गेलीच नाही. ती आबांच्या पलंगाशी खाली बसली होती, आणि आबांचा हात तिच्या डोक्यावर होता.