पुतळाच्या चार जोड्या

बद्रीनाथ मास्तरांनी पस्तीस वर्षं पिशोरकडच्या एका खेड्यात गणित शिकवलं. माणूस विषयाला पक्का, बोलायला तिखट, आणि चूक कबूल करायची म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. आपण तपासलेल्या पेपरात खोट काढणारा अजून जन्मायचाय, असं ते चारचौघांत म्हणायचे. तशी पोर जन्मलेली होती, आणि त्यांच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसत होती.

पुतळा तिचं नाव. धनगराची लेक. तिचा बाप सोनाजी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन लांब निघून जायचा, आणि पुतळा शाळेसाठी मावशीकडं राहायची. सोनाजीची अट एकच होती: पोरगी पास होतीय तोवर शिकेल, नापास झाली की मेंढरांमागं. हे मास्तरांसकट सगळ्या शाळेला माहीत होतं.

एकोणऐंशी साली नववीच्या वार्षिक परीक्षेत मास्तरांनी प्रश्न घातला: क्ष + य = ५ या समीकरणाच्या कोणत्याही चार उकली क्रमित जोड्यांत लिहा. चार मार्कांचा प्रश्न, म्हणजे पोरांना फुकटचाच. पहिला आकडा क्षचा, दुसरा यचा, दोन्हींची बेरीज पाच आली की झालं. सगळ्या वर्गानं (०, ५), (१, ४), (२, ३) असं लिहिलं. पुतळानं लिहिलं: (६, −१), (७, −२), (८, −३), (९, −४). मास्तर गठ्ठा उरकायच्या घाईत होते. शून्याखालच्या जोड्या त्यांनी वर्गात कधी घेतल्याच नव्हत्या. डोळ्यांना त्या पटल्या नाहीत आणि लाल पेननं चारही जोड्यांवर फुल्या पडल्या. पुतळाला तेहतीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस लागत होते.

निकालाच्या दिवशी तिनं पेपर बघायला मागितला आणि तो घेऊन ती शिक्षकांच्या खोलीत आली. हेडमास्तर आप्पासाहेब तिथंच चहा पीत बसले होते.

"गुरुजी, ह्ये चुकलं कसं?" ती म्हणाली. "पाण्यावर दोन कळप मिसळतेत. सांजच्याला जाळीत कोंडून मोजली तर सात भरतेत. त्यातली दोन दुसऱ्याची, ती माघारी द्यायची. मंग आपली पाचच की."

मास्तरांना त्याच क्षणी कळलं. प्रश्नपत्रिका त्यांचीच, आणि तीत वजा आकडे घेऊ नका असं कुठंच म्हटलेलं नव्हतं. पोरीच्या चारही जोड्या बिनचूक होत्या. तेहतीसचे सदतीस करायचे आणि शेजारी सही ठोकायची, एवढंच काम. पण आप्पासाहेब कप खाली ठेवून ऐकत होते, आणि निकाल बाहेर फळ्यावर लागलेला होता. मास्तरांनी मान खाली घातली.

"गणितात मेंढरं चालत नसतात, पोरी," ते म्हणाले.

आप्पासाहेब हसले. पुतळानं पेपर टेबलावर ठेवला आणि ती गेली. फाटकाशी निकालासाठी मुद्दाम आलेला सोनाजी काठी टेकून उभा होता. बापलेक गावाबाहेरच्या वाटेला लागलेले मास्तरांनी खिडकीतून पाहिले.

बऱ्याच चुका माणूस विसरतो. ही विसरता येईना. दर वर्षी फळ्यावर ते समीकरण लिहिताना मास्तरांचा खडू थबकायचा. पाठीमागं तिसऱ्या बाकावर कुणीतरी उभं राहिलंय असं वाटायचं, आणि वळून बघितलं की तिथं दुसरीच पोर मुकाट्यानं वही काढून बसलेली असायची. पुढं पुढं ते वजा आकड्यांच्या जोड्या आवर्जून शिकवू लागले, अर्धवट उत्तरालाही मार्क देऊ लागले. मास्तर मऊ पडले, असं पोरं म्हणायची. पण बूँद से गई वो हौद से नहीं आती.

रिटायर होऊन शहरात, पुंडलिकनगरात घर बांधलं, तरी सुटका नव्हती. भर दुपारी त्यांना गल्लीतून मेंढरांच्या घंट्या ऐकू यायच्या. गॅलरीत जाऊन बघावं तर खाली भंगारवाला. हातात पेन आलं की वर्तमानपत्राच्या कडेला जोड्या उतरायच्या: (१२, −७), (४०, −३५), (३००, −२९५).

"सगळ्या एकदा लिहून टाका, म्हणजे नीट जेवाल तरी," बायको आशाबाई म्हणायच्या.

त्या जोड्या कधीच लिहून संपत नाहीत, हे मास्तरांइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांना भीती वाटायची. आपण मरून जाऊ आणि त्या चार फुल्या तशाच राहतील, याची.

भेटेल त्या मेंढपाळाला ते सोनाजीच्या लेकीचा ठावठिकाणा विचारत राहिले. रिटायर झाल्यावर तीन वर्षांनी केरबा नावाच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, की पुतळाबाईची मेंढरं पैठण रस्त्याला एका शेतात खतासाठी बसलीत. मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा करून गेले. पन्नाशीची एक बाई जाळी गुंडाळत होती. मास्तरांनी नाव सांगितलं. तिनं पदर सावरून पायाला हात लावला, आणि तेवढ्यानंच त्यांचा धीर सुटला.

"पुतळा, तुझ्या चारही जोड्या बरोबर होत्या," ते कसंबसं म्हणाले. "फुल्या मी चुकीच्या मारल्या."

"मला ठावं व्हतं, गुरुजी."

"तसं नाही. मलाही त्याच दिवशी कळलं होतं."

"त्येबी ठावं व्हतं. तुमी मान खाली घातली, तवाच." ती तुटलेल्या दोरीला गाठ मारत बोलत होती. आवाजात राग नव्हता.

"मग बापाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. वाटंनंच सांगितलं." तिनं गाठ ओढून घट्ट केली. "त्यानं थोबाडीत मारली. म्हणला, गुरुजी कवा खोटं बोलतेत व्हय? लई भोळा व्हता, गुरुजी. मरस्तोर त्याला वाटत ऱ्हायलं, आपली लेक लबाड हाय."