तंबूखालचा उंचवटा

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, दोन हजार सालच्या आसपास, नवऱ्याने मित्राचा तंबू मागून आणला आणि आम्ही पेठजवळच्या एका डोंगरावर मुक्कामाला गेलो. तंबूत झोपायची माझी पहिलीच वेळ होती. थंडी वाजेल, पाठ अवघडेल, एवढं मी धरून चालले होते. पहाटे जाग आली तेव्हा पायाशी काहीतरी टोचत होतं.

"दगड नीट वेचले नाहीत तुम्ही," मी कुरकुरले आणि टाचेने तो उंचवटा दोन-तीनदा ढकलला.

उजाडल्यावर आम्ही तंबू उचलला. खाली घोणस वेटोळं घालून बसली होती. वाटेने गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका बाईने आमचे चेहरे पाहिले आणि भारा खाली टाकला.

"उबेला आली व्हती बाय. हलू नका," ती म्हणाली. लांबूनच काठी जमिनीवर आपटत तिने घोणस झुडपात घालवली.

नवरा हसायला गेला, पण तंबू मात्र त्याने चारदा झटकून घेतला.

परतीच्या एसटीत मी पाय सीटवर घेऊन बसले. कंडक्टरने दोनदा हटकलं. पण मला ते खाली सोडवेनात.