खांद्यावरचं पोतं

ही गोष्ट सांगायची मी आयुष्यभर टाळली. निपाणीच्या तंबाखू वखारीत माझ्याशेजारी बसून पानं निवडणारा माझा एक मित्र होता. पान नुसतं चाचपून तो त्याची प्रत अचूक सांगायचा, पण अंगाला कुणी हात लावलेला त्याला सोसायचा नाही. गलका वाढला की तो कान दाबून डुलत राहायचा. एकदा मी तंबाखूचं लहान पोतं त्याच्या खांद्यांवर ठेवलं, आणि त्या वजनाखाली तो हळूहळू शांत झाला. तेव्हापासून ते पोतं आम्ही वेगळंच ठेवायचो. घाबरला की तो म्हणायचा, "पोतं, अण्णा."

व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत. एके दिवशी त्यांतल्या एकानं चेष्टेनं माझ्या मित्राचाच हात रुमालाखाली ओढला. "पानं लई चाचपतोस, आता माझी बोटं चाचप की रं!"

तो किंचाळला.

"अंगात आलंय, बांधा त्येला!" मालक ओरडला. म्हणे शहाणी माणसं! त्यांनी त्याला खांबाला बांधून कडुलिंबाच्या फोकानं झोडपलं. तो "पोतं, अण्णा" म्हणत राहिला. पोतं माझ्या हाताशी होतं. मालकाच्या धाकानं मी ते उचललं नाही. त्या नीचांचा आजही संताप येतो, आणि त्यांच्याहून जास्त माझा.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. दारातच माझे हात थरथरू लागले. त्यानं ते पाहिलं, आतून जोंधळ्याचं लहान पोतं आणलं आणि माझ्या खांद्यांवर ठेवलं.

"बस, अण्णा."

मी बसलो. माफीचा शब्द तोंडातच राहिला, पुढं माझा मित्र वारला तरी.