मिसेस हाउगकडची पुंगळी

आमच्या गावात मिसेस हाउगना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. नाव आल्विना, पण बत्तीस वर्षं त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात डाव धरून आम्हाला वाढलं, त्यामुळे पन्नाशी उलटलेली माणसंही त्यांच्यासमोर टोपी काढून उभी राहतात. मी त्यातलाच. जनावरांच्या खाद्याचं दुकान चालवतो, दोन मुलींची लग्नं केली, तरी त्या दुकानात शिरल्या की मी काउंटरवरचे पाय खाली घेतो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका गोधड्या शिवतात, नाहीतर ॲरिझोनात मुलाकडे जाऊन उन्हात बसतात. मिसेस हाउग पुंगळ्या करायच्या. रायफलची गोळी उडाली की मागे पितळी पुंगळी उरते. ती नीट तयार केली तर तिच्यात पुन्हा दारू आणि गोळी भरता येते. माँटानात आमच्या बाजूला हे घरोघरी चालतं. पण भरणं सोपं, खरी मेहनत पुंगळीची, आणि त्या मेहनतीला बहुतेक पुरुषांचा धीर पुरत नाही. नवरा नॉर्बर्ट हयात असताना तोच गॅरेजमध्ये बसून हे करायचा, बिअर पीत, रेडिओवर बेसबॉल ऐकत. एक दिवस मिसेस हाउगनी त्याला टेबलावरून उठवलं. "ह्या माणसाने उकडलेलं अंडं मी खात नाही, आणि ह्याने केलेलं काडतूस गालाशी धरून उडवू?" असं त्यांनी तेव्हा चारचौघांत विचारलं होतं. नॉर्बर्ट बिचारा हसला. त्यानंतर तो मरेपर्यंत त्याच्या हरणांच्या शिकारीची पुंगळी बायकोच्याच हातची होती.

तो गेल्यावर त्या गावाचं करायला लागल्या. आम्ही कॉफीच्या डब्यांत रिकाम्या पुंगळ्या नेऊन द्यायचो. त्या तळाची जळकी टोपी काढायच्या, मक्याच्या कणसाच्या भुशात पुंगळ्या घोळवून लख्ख करायच्या, साच्यात दाबून मापात आणायच्या, वाढलेली मान कापायच्या, कडा घासायच्या. दारूला हात लावायच्या नाहीत. भरायचं ते तुमचं तुम्ही, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगून टाकलेलं. पैसेही घेत नसत. कुणी एल्क हरणाचं मांस द्यायचं, कुणी सरपण आणून रचायचं.

आणि एक तार. टोकाला वाकवलेली सायकलच्या चाकाची तार. पुंगळी बरेचदा उडाली की बुडाजवळ आतून झिजते. बाहेरून काही दिसत नाही. मिसेस हाउग प्रत्येक पुंगळीत ती तार घालून आतली भिंत खरवडत वर आणायच्या, डोळे मिटून. तार जराशी अडली की संपलं. मग ती पुंगळी कितीही चकचकीत असो, त्या पकडीने तिचं तोंड चेपून टाकायच्या आणि ओसरीवरच्या बादलीत फेकायच्या. भंगारवाला वर्षातून एकदा यायचा.

आमच्यातले काही जण यावरून कुरकुरायचे. चाळीस दिल्या तर बत्तीस परत. रसेल टिबेट्स, आमच्या नेमबाजी क्लबचा अध्यक्ष, एकदा म्हणाला की म्हातारी भंगारवाल्याशी मिळालेली आहे. हसलो सगळे. तोंडावर म्हणायची हिंमत मात्र कुणाची नव्हती.

मग ते वर्ष आलं, जेव्हा दुकानांत काडतुसं मिळेनात. बिलिंग्जला दोन तास गाडी हाकून गेलो तरी फळ्या रिकाम्या. पितळ म्हणजे सोनं झालं. मैदानावर गोळी उडाली की लोक पुंगळी खाली पडायच्या आत झेलायला बघायचे. आणि सप्टेंबरमधल्या एका शनिवारी ड्वेन स्ट्रोबलची रायफल त्याच्या गालाशी फुटली.

फुटली म्हणजे, पुंगळी आत दुभंगली आणि धगधगता वायू मागे आला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. डावा गाल मात्र भाजला, रायफलचा लाकडी दस्ता चिरला. ड्वेन कुंपणं घालण्याची कामं घेतो, धडधाकट गडी, पण त्या दिवशी जमिनीवरून उठेना. रसेलने विचारलं, पुंगळी कुठली होती? ड्वेन म्हणाला, "मिसेस हाउगकडची."

बस. एवढ्यावर सगळं झालं. सोमवारी मैदानाच्या फाटकावर कागद लागला, की आल्विना हाउग यांच्याकडच्या पुंगळ्या क्लबच्या मैदानावर चालणार नाहीत. खाली कमिटीच्या पाच जणांच्या सह्या. तिसरी माझी. रसेलने कागद दुकानात आणला, मी पेन उचललं आणि सही केली. विचार केला नाही. खरं सांगायचं तर विचार केला होता, तो असा की कमिटीशी वाकडं कशाला घ्या.

आमच्या गावात असा कागद लागणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. बाईच्या हातचं वाईट निघालं, माणूस आंधळा होता होता वाचला, हे चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर, सगळीकडे. ज्या हाताने गावाच्या दोन पिढ्यांना जेवू घातलं, तोच हात आता थरथरतो असं लोक म्हणू लागले. त्यांच्या मुलीने, जोलीनने, फोन करून सांगितलं की आई, आता पुरे, टेबल विकून टाक. मिसेस हाउगनी फोन ठेवून दिला. त्याआधी त्या ड्वेनकडे सूप घेऊन गेल्या होत्या. कागद लागल्याचं त्याच्याच बायकोने त्यांना दारात सांगितलं. सूपही तिने घेतलं नाही.

गुरुवारी क्लबच्या खोलीत मासिक सभा होती. कॉफी, कुणाच्या तरी बायकोने केलेला रुबार्बचा केक, वीसेक माणसं. मिसेस हाउग आल्या, कोट न काढता पुढच्या खुर्चीवर बसल्या. रसेलने घसा खाकरला. आपल्याला त्यांच्याबद्दल किती आदर आहे वगैरे सुरू केलं. वयाचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"रसेल, आदर घरी घेऊन जा. मला ती पुंगळी दाखव."

पुंगळी ड्वेनच्याच खिशात होती. तो ती गावभर दाखवत फिरत होता. गालावर पट्टी, आणि खिशात दोन तुकडे. त्याने टेबलावर ठेवले. मिसेस हाउगनी चष्मा चढवला आणि पुढचा तुकडा, तोंडाकडचा, दिव्याखाली फिरवला. बराच वेळ. मग पर्समधून पकड काढून रसेलच्या हातात दिली.

"ह्या पकडीचा एक दात तुटलेला आहे. शाळेच्या शेगडीचा नट काढताना तुटला. आता पुंगळीच्या मानेवर बघ. दोन्ही बाजूंना रेघा आहेत की नाहीत?"

रसेलने पाहिलं. मग पकड त्या रेघांवर लावली. मी शेजारीच होतो, मलाही दिसलं. तिरक्या बारीक रेघा, आणि मधे एका रेघेपुरती जागा कोरी. तुटक्या दातासमोर बरोबर.

सगळ्यांना एकदम कळलं, आणि ड्वेनला आम्ही सगळे बघतोय हे कळलं. तोंड चेपलेली पुंगळी त्याने बादलीतून उचलली होती. सरपण टाकायला गेला तेव्हा मूठभर खिशात घातल्या, घरी निमुळता खिळा ठोकून तोंडं परत गोल केली आणि भरल्या. एरवी कुणी केलं नसतं. त्या वर्षी, खरं सांगतो, आमच्यातल्या निम्म्यांनी केलं असतं.

"मी खोटं बोललो नाही," ड्वेन म्हणाला. "तुमच्याकडचीच होती." मग आणखी खालच्या आवाजात, "टाकलेली पुंगळी ज्याला सापडेल त्याची. मैदानावर असंच चालतं."

"मैदानावर चालतं. ती माझी ओसरी होती. पण घेतलीस त्याचं मला काही नाही, ड्वेन. मागितली असतीस तर चांगल्या दिल्या असत्या. मी तोंड मिटवते ते 'नाही' म्हणून मिटवते. माझं 'नाही' तू खिळा ठोकून उघडलंस, आणि तोंडावर आपटल्यावर माझं नाव घेतलंस."

ड्वेनने दोन्ही तुकडे उचलून परत खिशात घातले. रसेलला मात्र एकदम उदारपणा सुचला. झालं ते झालं, आपण सगळे शेजारी आहोत, कागद मी आत्ता जाऊन काढतो, असं म्हणत तो उठलाही.

"काढू नकोस," मिसेस हाउग म्हणाल्या.

रसेल उभाच राहिला.

"काय लिहिलंय त्यावर? माझ्या पुंगळ्या तुमच्या मैदानावर चालणार नाहीत. बरोबर आहे. नाही चालणार. आजपर्यंत तो तुमचा हुकूम होता, आता माझा आहे. पाच जणांच्या सह्या खाली आहेत, त्या पावसात पुसल्या तर परत करा. ज्याला माझ्या हातचं हवं, त्याने माझ्या दारात येऊन सांगायचं, की मी न बघता तुमच्यावरचा विश्वास सोडला. कमिटीने नाही, एकेकट्याने."

पकड पर्समध्ये टाकून त्या गेल्या. केकचा तुकडा कुणीतरी पुढे केला होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. आम्ही मागे बसून राहिलो आणि मग, पुरुषांच्या सभेत होतं तसं, पार्किंगच्या खडीबद्दल बोललो.

कागद अजून आहे. रसेल अजून गेलेला नाही. त्याला ताठा आहे, आणि बिलिंग्जहून महागाची काडतुसं आणायला पेन्शन आहे. ड्वेन तिसऱ्या दिवशी गेला. त्यांनी त्याला सूप दिलं आणि पुंगळ्या दिल्या नाहीत. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या.

मी शनिवारी सकाळी गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. त्या ओसरीवर बीट साफ करत बसल्या होत्या. मी टोपी काढून ते वाक्य म्हटलं.

"ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. रस्त्यापलीकडे पोस्टातली मुलगी थांबून बघत होती. मी मोठ्याने म्हटलं.

मग त्यांनी हात पुसले, आत गेल्या आणि एक कॉफीचा डबा आणून माझ्या हातात ठेवला. माझाच होता, ऑगस्टमध्ये दिलेला. मी विसरून गेलो होतो. आत माझ्या पुंगळ्या होत्या, लख्ख, माना एका मापाच्या, तोंड खाली करून ओळीत लावलेल्या.

"सोमवारी सकाळी तू सही केलीस," त्या म्हणाल्या. "मला दुपारी कळलं. तेव्हा ह्यातल्या अर्ध्या व्हायच्या होत्या."

मी विचारलं, मग केल्यात कधी?

"सोमवारीच, संध्याकाळी. मी घेतलेलं काम अर्धं ठेवत नाही, मर्ल. तुझ्यासाठी नाही केलं."