आमच्या सेंटरचे तोंडाळ पेशंट

आमच्या सेंटरवर दोन गोष्टी कधी कमी पडत नाहीत. एक रांग, दुसरे किस्से! जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की कुणीतरी म्हणतंच, "अगं, ते कळलं का?" मी इथं समुपदेशक. एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्यांशी बोलायचं, हे माझं काम. त्याच गोळ्या मीही खाते, त्यामुळं माझ्यापुढं कुणी आडपडदा ठेवत नाही. नावं बदलून सांगते. तोंडं मात्र त्यांचीच!

*

चांदणी तृतीयपंथी. तिचा आवाज शहागंज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. एकदा दाढ ठणकायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरकडं गेली आणि आपणहून सांगितलं, एचआयव्ही आहे.

डॉक्टर हळूच म्हणाले, "तुम्हाला सगळ्यात शेवटी घेतो. म्हणजे मग हत्यारं नीट उकळून ठेवता येतील."

चांदणी बाहेर बसलेल्या पेशंटांकडं वळली. "सुना क्या भाईलोग? तुमच्या तोंडातली हत्यारं हे साहेब नीट उकळतच नाहीत!"

दोन बायका उठून चपला शोधायला लागल्या. चांदणीची दाढ तिथल्या तिथं निघाली!

*

सखूबाई दौलताबादकडच्या. मेंढरांमागं जन्म गेला. नवरा याच आजारानं गेला. पाय मोडला म्हणून त्या एका दवाखान्यात भरती झाल्या, तर त्यांच्याच कॉटला लाल अक्षरांची पाटी. वाचता येईना, म्हणून शेजारच्या बाईला विचारलं. तिनं 'एचआयव्ही' असं वाचून दाखवलं आणि आपली कॉट लांब सरकवून घेतली.

सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. चार हात लांबूनच विचारलं, "काय म्हणतोय पाय?"

"पाय ऱ्हाऊ द्या सायब. पाटी लावायची तर समद्यांच्या कॉटला लावा. आन पैली तुमच्या गळ्यात घाला. तुमाला काय झालंय?"

"मला? मला काय होतंय?"

"मंग एवढं घाबरताय कशापाई?"

सिस्टरनं पाटी काढली. हसू मात्र तिला आवरेना.

*

ह्याच सखूबाई सुरुवातीला गोळ्या चुकवायच्या. आमच्या सेंटरच्या डॉक्टर मॅडम नवीन होत्या. त्यांनी समजावलं, रागावल्या, हात जोडले. उपयोग शून्य!

एक दिवस सखूबाईंनी पिशवीतून फडकं काढलं आणि टेबलावर भाकर न् ठेचा ठेवला. "घरात माझ्या हातचं कुणी खात नाय. सूनबी नाय. तुमी माझी भाकर खा, मी तुमची गोळी खाते."

मॅडमनी भाकर मोडली. ठेच्याचा पहिलाच घास, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! बाहेर रांगेत कुजबुज सुरू झाली, "कुणाचा तरी रिपोर्ट लई वंगाळ आला वाटतं!"

तेव्हापासून सखूबाईंची गोळी चुकली नाही. मॅडमना मात्र दोन दिवस ताकावर राहावं लागलं.

*

एक माझाही. मी वैजापूरची. पहिला नवरा वारला. दुसरं लग्न सेंटरच्या बाकावरच जमलं, कारण हेही रांगेतलेच. मूल हवं म्हणून आम्ही एका खासगी डॉक्टरकडं गेलो.

"दोघंही पॉझिटिव्ह. तुम्हाला मूल कशाला पाहिजे?"

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली दोन गोंडस पोरांचा फोटो होता. मी त्यावर बोट ठेवलं. "ही दोन तुम्हाला कशाला पाहिजे होती, सर?"

आम्ही उठून आमच्या मॅडमकडं आलो. पोरगी आता तिसरीत आहे. रिपोर्ट निगेटिव्ह. जीभ मात्र आईवर गेली!

*

आणि हा सकीनाचा. सकीना धंदा करून पोट भरणारी. पित्ताशयात खडे झालेले. दुखायला लागलं की फरशीवर लोळायची. ऑपरेशन ठरलं, पण एचआयव्हीचा रिपोर्ट बघितल्यावर सर्जननं एकदा सांगितलं मशीन बिघडलंय. मग भूल देणारे रजेवर. मग, "पुढं बघू." दर वेळी चांदणी तिच्यासोबत जायची आणि दर वेळी दोघी रिक्षानं तशाच परत यायच्या.

काही दिवसांनी सिडकोतल्या एका घरी नात झाली. कळलं तशी चांदणी ढोलकवालीला घेऊन बाळाच्या जन्माची बधाई मागायला पोचली. टाळी वाजवली. दार उघडलं ते त्याच सर्जननं!

तेवढ्यात आतून सर्जनची म्हातारी आई पणतीला घेऊन आली आणि तिनं बाळ सरळ चांदणीच्या ओटीत ठेवलं. "नाच गं बाई, लई वर्सांनी पोरगी आलीय घरात!"

चांदणी बाळाला पोटाशी धरून नाचली. मग ते आजीच्या हातात परत दिलं आणि बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. आजीनं नवी साडी पुढं केली.

"साडी नको, अम्मा. माझी सकीना दुखण्यानं लोळतीय. हे साहेब तिला टेबलावर घेत नाहीत. ते आपरेशन बधाईत द्या."

सर्जन म्हणाले, "हे बघा, हा विषय दवाखान्यात..."

आजीनं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "का घेत नाय रे तिला?"

सर्जन आत वळायला लागले.

"तुला इचारतेय मी. का घेत नाय?"

सोमवारी सकाळी सकीना टेबलावर होती.